निळ्या जर्सीतल्या पोट्ट्या

माणूस किती मोठा भैताड, किती येडपट असू शकतो हे बघायचं असेल, तर लांब कुठं जायची गरज नाही. घ्या, चहा घ्या. तो तुमच्यासमोरच बसलाय.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. मोतीबिंदू चांगला पिकला होता, डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोन्ही वेळा मीच टाळली. कारण? ऑपरेशननंतर दिवसातून चारदा डोळ्यात थेंब टाकायला माणूस लागतं म्हणाले. आता ते माणूस आणायचं कुठून? बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी पुण्याला. दर रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात?" विचारते. मी "हो" म्हणतो. झालं, संपला रविवार.

पण आधी मी कोण ते सांगतो. वर्ध्यातल्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मी मुलींना बास्केटबॉल शिकवला. कागदावर शारीरिक शिक्षण संचालक, तोंडी पीटी सर. नगराळे हे माझं आडनाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. मी लागलो तेव्हा कॉलेजात एकच खांब, त्याला एक रिंग, रिंगला जाळी नाही, आणि खांबाला चौकीदाराची बकरी बांधलेली. आधी बकरीला समजवायचं, मग पोरींना. पोरी आसपासच्या खेड्यांतल्या. चपला काढून अनवाणी पळायच्या, ओढणी कमरेला गच्च बांधून. तिथून सुरुवात करून आम्ही विद्यापीठाच्या फायनलपर्यंत गेलो. तीनदा. तिन्ही वेळा हरलो, ते सोडा.

माझी एक चाल होती. तिचं नाव 'तर्री'. हसू नका! प्रॅक्टिसनंतर पोरींना झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खाऊ घालायचो, त्यावरून पडलं. चाल अशी की दोघी जणी दोन बाजूंनी पळत येऊन एकमेकींना ओलांडतात, समोरच्यांची तारांबळ उडते, आणि तेवढ्यात तिसरी गुपचूप रिंगखाली जाऊन उभी राहते. बॉल तिला. बास्केट! कॅप्टन "तर्री!" असं ओरडली की आमच्या पोरी अशा काही सुटायच्या की विचारू नका.

तर, रिटायर झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला, मी जोरदार भाषण ठोकलं, टाळ्या झाल्या. माझ्या जागेवर कंत्राटी का होईना, पण माझीच पोरगी लागली. प्रज्ञा. वडनेरची. माझ्या हाताखाली पाच वर्षं खेळली, मग शिक्षण घेऊन कोच झाली. मला इतका आनंद झाला की मी दोन रात्री झोपलो नाही.

आणि त्यानंतर? वर्ष उलटलं. प्रज्ञाचा एक फोन नाही. कॉलेजचा नाही. कुणाचाच नाही.

मी म्हटलं, नाही तर नाही. आपणही करायचा नाही. घरी एकटा बसून राहायचो. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून 'फाउल कुणाचा?' म्हणून बघायचो. दुपारी भांडी घासताना कढईला सूचना द्यायचो. खरं सांगतो. अठ्ठावीस वर्षं ओरडलेला गळा आहे हा, त्याला एकदम गप्प बसवता येत नाही.

एके सकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पीत होतो. टपरीवाला म्हणतो, "सर, आज तुमच्या कॉलेजची मॅच हाय ना क्रीडा संकुलात? तुम्ही गेले नाई?"

मॅच? मला कुणी सांगितलंही नाही!

"जाऊन राह्यलो ना," मी म्हटलं, "चहा पिऊनच चाललो."

आणि सरळ घरी आलो. अर्धा तास रुसून खाटेवर बसलो. न बोलावता कोण जाईल? मान आहे की नाही माणसाला? मग उठलो, कपाटातून जुना ट्रॅकसूट काढून चढवला. चेन पोटापाशी येऊन थांबली, पुढं जाईना. तसाच ऑटोत बसलो.

संकुलात पोचलो तर मॅच सुरू व्हायच्या बेतात. लाउडस्पीकरवर कुणीतरी संघांची नावं सांगत होतं, पण तो स्पीकर असा खरखरत होता की त्यातून फक्त 'महाविद्यालय' एवढंच कळलं. दोन्ही वेळा. माझ्या डोळ्यांपुढं नेहमीसारखं धुकं. धुक्यात एका बाजूला पिवळा रंग हलत होता, दुसऱ्या बाजूला निळा.

निळा! अठ्ठावीस वर्षं माझ्या संघाची जर्सी निळी. दुकानदाराकडे भांडून भांडून आणलेला निळा. माझ्या पायांनी डोक्याला विचारलंच नाही, ते सरळ निळ्या बेंचकडे निघाले.

बेंचवर एक मॅडम बसल्या होत्या, मांडीवर डब्यांची पिशवी. पोरी घोळका करून उभ्या. एकही ओळखीची वाटेना, पण म्हटलं वर्ष झालं, नवीन बॅच असेल.

"तुमचे कोच कुठं आहेत?" मी विचारलं.

"कोच नाई आले जी," मॅडम म्हणाल्या. "मले पाठवलं. मी लायब्ररीची ढगे. मले म्हणे पोट्ट्या घेऊन जा अन् घेऊन या. मले त यातलं काईच समजत नाई."

माझं डोकंच फिरलं. पोरींबरोबर लायब्ररीवाली? कोच कुठं आहे?

"अन् प्रज्ञा? प्रज्ञा काऊन नाई आली?"

"प्रज्ञा?" ढगे मॅडम म्हणाल्या. "थे त रजेवर हाय जी. बाळंतपणाच्या."

मी खालीच बसलो. बाळंतपण! म्हणजे लग्न झालं. लग्नाला नाही बोलावलं. डोहाळजेवण, बारसं, सगळं होऊन गेलं असेल. पाच वर्षं जिला माझ्या घरी बसवून जेवू घातलं, जिच्यासाठी माझी बायको वेगळी भाकर टाकायची, कारण हिला गव्हाची पोळी पुरायची नाही, तिनं एक मेसेज टाकला नाही!

"काय झालं?" मी कसंबसं विचारलं. "पोरगा की पोरगी?"

"पोरगी झाली. गोरीपान हाय."

आता बघा, इथं माणसानं उठून घरी जायला हवं होतं की नाही? पण समोर पोरी उभ्या. पोरक्या. मी ट्रॅकसूट सावरला, उभा राहिलो आणि म्हटलं, "या वं सगळ्या इकडं. मी नगराळे सर. आज मी सांगतो तसं खेळायचं."

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. त्यांची कॅप्टन आचल, काटकुळी, दोन वेण्या घातलेली. तिनं विचारलं, "तुमाले खेळता येते का, सर?"

मला खेळता येते का!

"बाई," मी म्हटलं, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून खेळवून राह्यलो."

रेफरी माझा जुना ओळखीचा, देवतळे. त्यानं लांबून हात जोडले. त्याला वाटलं, सर रिटायर होऊन दुसऱ्या कॉलेजात लागले. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी प्रत्येकाला काही ना काही वाटत होतं, आणि विचारत कुणीच नव्हतं.

मॅच सुरू झाली. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या निळ्या पोरींचं पानिपत. पासच नाहीत, सगळ्या बॉलमागं पळतायत. मी ओरडायला सुरुवात केली. काय सांगू, असं वाटलं की छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवला! "आचल, हात वर! साक्षी, तिथं काय करून राह्यली, भाजी निवडून राह्यली का? पिवळीले सोडू नको!" पोरी चमकून बघायच्या, आणि बघा, ऐकायच्या. मी "डावीकडं" म्हटलं की डावीकडं. वर्षभरात पहिल्यांदा मी काही बोललो आणि समोरून उत्तर आलं. कढईनं कधी दिलं नव्हतं.

हळूहळू फरक कमी झाला. आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये पिवळ्या संघातून एक आवाज आला.

"तर्री!"

दोन पिवळे ठिपके दोन बाजूंनी पळत आले, एकमेकांना ओलांडलं, तिसरा ठिपका रिंगखाली. बास्केट!

"चोरली!" मी बेंचवरून उडालो. "आमची चाल चोरली! नाव पण चोरलं!"

ढगे मॅडमच्या हातून डबा पडला. "काय चोरलं जी? पोलीस बोलवू का?"

"चोर हाय थे कोच!" मी पिवळ्या बेंचकडं हात करून ओरडलो. "कोन हाय थो? लाज नाई वाटत?"

पिवळ्या बेंचवर टोपी घातलेलं कुणीतरी उभं होतं. टोपी माझ्याकडं वळली. मग हळूच खाली बसलं. मी म्हटलं, बघा, पकडला गेला की कसा बसतो!

हाफ टाइमला मी पोरींना गोल बसवलं. आता जे मी केलं ते ऐका. तर्रीत एक भोक आहे. अठ्ठावीस वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रज्ञालाही नाही. आपली चाल अर्धवट आहे हे पोरींना कळू नये, एवढंच कारण. दुसरं काही नाही, निव्वळ फुशारकी. त्या दिवशी ते भोक मी या सात अनोळखी पोरींपुढं उघडं केलं.

"ऐका," मी म्हटलं. "थ्या 'तर्री' म्हणतीन. दोघी पळत येतीन. त्याईच्यामागं कोणी धावायचं नाई. सरळ रिंगखाली जाऊन उभं राह्यचं. बॉल आपोआप तुमच्या हातात येते."

"एवढंच?" आचल म्हणाली.

"एवढंच."

"मंग कोणाले आतापर्यंत सुचलं काऊन नाई?"

"चला, उठा, वेळ झाली," मी म्हटलं.

दुसऱ्या हाफमध्ये पिवळ्यांनी चारदा तर्री लावली. चारही वेळा बॉल आमच्या हातात! मी नाचत होतो. चेन आणखी खाली सरकली होती, कुणाला पर्वा! शेवटच्या ब्रेकमध्ये पोरी धापा टाकत येऊन मला चिकटून बसल्या. साक्षी म्हणाली, "सर, आमचे सर असं नाई सांगत. थे नुसते शिट्टी वाजवतात."

आमचे सर?

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी विचारायचं होतं, 'बाई, तुमचे सर कोण?' बरोबर आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण खरं सांगू? विचारलं नाही. पोरी अवतीभवती बसलेल्या, एकीनं पाण्याची बाटली पुढं केलेली, दुसरी माझ्या हातावरचा जुना टाक्यांचा व्रण बघून विचारते, "सर, हे खेळतानीच लागलं का?" माझ्याबद्दल कुणी काही विचारून किती दिवस झाले होते! म्हटलं, असेल काहीतरी. मॅच संपली की बघू.

एका गुणानं जिंकलो! शेवटच्या क्षणी आचलनं रिंगखाली बॉल पकडला आणि तो सोडलाच नाही, छातीशी धरून उभी राहिली. शिट्टी झाली. पोरी किंचाळत माझ्याकडं धावल्या, पाया पडल्या, ढगे मॅडमनं डब्यातली शेव माझ्या तोंडात कोंबली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अभिनंदन, सर."

आवाज ओळखीचा! वळलो. पिवळी टोपी. अगदी जवळून बघितलं.

"प्रज्ञा!" मी ओरडलो. तोंडात शेव. "तू इथं कशी? बाळ कोणापाशी ठेवलं?"

देवतळेची शिट्टी तोंडातच राहिली.

"कोणाचं बाळ, सर?"

"तुझं! गोरीपान पोरगी झाली म्हणे तुले!"

"सर," प्रज्ञा दात आवळून म्हणाली, "माझं लग्न नाई झालं अजून."

तिच्यामागं उभ्या असलेल्या पिवळ्या पोरी तिच्याकडं अशा बघू लागल्या की वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. शेवटी ढगे मॅडम मधे पडल्या. "थे आमची प्रज्ञा जी! ऑफिसातली! अल्लीपूरची."

"अल्लीपूरची?"

"मंग? आम्ही साऱ्या अल्लीपूरच्याच त आहोत."

मी पोरींकडं बघितलं. जर्सीकडं बघितलं. मग पिवळ्या पोरींकडं. डोक्यात एक एक दिवा लागत गेला, आणि प्रत्येक दिव्याबरोबर माझी मान आणखी खाली गेली. मी माझ्याच कॉलेजला हरवलं होतं. माझ्याच चालीचं भोक दाखवून. आणि माझ्याच पोरीला भर ग्राउंडवर चोर म्हटलं होतं.

प्रज्ञाचे डोळे भरले होते. "मले वाटलं तुम्ही दुसरीकडं लागले. लागा ना सर, मी कोण अडवणारी? पण चोर काऊन म्हटलं? तर्री तुमचीच हाय म्हणून त जपून ठेवली."

मी बेंचवर बसलो आणि सगळं सांगितलं. मोतीबिंदू, स्पीकर, निळा रंग, बाळंतपण. ती ऐकत गेली. मोतीबिंदूपर्यंत रडत होती, बाळंतपणापर्यंत येता येता टोपीत तोंड घालून हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली. माझंही तेच चाललं होतं, फक्त माझ्याकडे टोपी नव्हती.

मग मीही चिडलो. हक्क होता माझा! "पण तू एक फोन नाई केला. वर्षभर! जर्सी बदलली, मले सांगितलं नाई!"

"सर," ती म्हणाली, "निरोपाच्या भाषणात तुम्ही काय म्हटलं होतं, आठवते का?"

मला काय आठवणार? भाषण करणाऱ्याला कधी आठवतं का?

"तुम्ही म्हटलं, 'आता मले कोणी फोन करायचा नाई, कोणी बोलवायचं नाई, मले शांती पायजे.' तीनदा म्हटलं. टेबलावर हात आपटून. आम्ही भेलो तुमाले. पोट्ट्याईले मी सांगून ठेवलं, सरले त्रास द्यायचा नाई."

"अन् जर्सी?"

"थेही तुम्हीच. म्हटलं, निळ्या रंगात पोट्ट्या नीट दिसत नाई, पिवळा करा. तुमची शेवटची इच्छा म्हणून सगळ्याईनं वर्गणी करून केला."

आता बोला! मी उरलेली शेव संपवली.

पण प्रकरण हसण्यावारी जाणारं नव्हतं. गटात तीन संघ होते, त्यातले दोन पुढं जाणार. अल्लीपूरच्या पोरी जिंकल्या म्हणजे आमच्या संघाला दुसऱ्या दिवशीची मॅच जिंकणं भाग होतं. प्राचार्यांनी प्रज्ञाला बजावलं होतं की यंदा पुढच्या फेरीत गेला नाहीत तर संघ बंद, आणि ग्राउंडवर गाड्यांचं पार्किंग. संघ गेला की तिचं कंत्राटही गेलं. हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, बुटाची नाडी बांधता बांधता.

"संध्याकाळी ग्राउंडवर येजो सर," ती म्हणाली. "थे भोक मले दाखवा."

वर्षानंतर त्या ग्राउंडवर गेलो. पिवळ्या पोरी लांब उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. ज्यानं आज आपल्याला हरवलं तो हाच बुढा. मी भोक दाखवलं. प्रज्ञानं कमरेवर हात ठेवून विचार केला, दोन पोरींच्या जागा बदलल्या आणि म्हणाली, "रिंगखाली कोणी उभी दिसली, त बॉल बाहेर द्यायचा. बाहेरची पोट्टी साफ मोकळी असते." दहा मिनिटं! जे भोक मी अठ्ठावीस वर्षं फुशारकीनं झाकून ठेवलं, ते तिनं दहा मिनिटांत बुजवलं. तीन फायनल आठवल्या मला. त्या पोरींची तोंडं आठवली. आधीच तिला सांगितलं असतं तर! मी पाणी प्यायच्या निमित्तानं नळाकडं गेलो आणि तोंडावर पाणी मारून परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी हजर. या वेळी प्रत्येक जर्सीला नाक लावून खात्री केली. पिवळ्या बेंचवर बसलो, गळा साफ केला, बाह्या सारल्या. प्रज्ञा समोर येऊन उभी राहिली.

"सर, एक विनंती हाय. राग येऊ देऊ नका."

"सांग ना."

"आज तुम्ही काईच बोलू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काईच नाई. पोट्ट्याईले कालपासून तुमचा आवाज आला की वाटते, आपण हरून राह्यलो."

मी तोंड मिटलं. चाळीस मिनिटं! बोटं चावली, रुमाल चावला, बाजूला बसलेल्या राखीव पोरीचा खांदा इतक्या वेळा दाबला की ती उठून दुसरीकडे जाऊन बसली. पण शब्द काढला नाही. आणि आमचा संघ असा खेळला, असा खेळला की अठ्ठावीस वर्षांत मी तसा खेळ बघितला नाही. मोठ्या फरकानं जिंकलो! ग्राउंड वाचलं. प्रज्ञाची नोकरी वाचली.

तेव्हापासून मला प्रत्येक मॅचचं बोलावणं येतं. घ्यायला ऑटो येतो, बेंचवर खुर्ची असते, पोरी पाया पडतात. प्राचार्यांनी तर परवा सगळ्यांसमोर सांगितलं की या संघाच्या यशात नगराळे सरांचा वाटा फार मोठा आहे. मी मान डोलावली. उठून दोन शब्द बोलावेत म्हणून खुर्चीचा हात धरला.

तर सगळ्या संघानं एकाच वेळी मला खाली बसवलं.